पहाटे पाचची किक: गार पडलेली मोटारसायकल चालू करताना

डिसेंबर-जानेवारीत निफाड तालुक्यातल्या द्राक्षबागांमधून पहाटे धूर उठताना दिसतो. पारा पाच-सहा अंशांवर आला की मण्यांना तडे जायची भीती असते. मग बागेत शेकोट्या पेटवायच्या, विहिरीचं कोमट पाणी ठिबकने सोडायचं, अशी धावपळ सुरू होते. पण बागेपर्यंत पोचायला आधी दारातली गाडी चालू व्हावी लागते. त्या वेळी गल्लीत जो आवाज येतो, तो मी झोपेतही ओळखतो. खट्... खट्... खट्... थोडा वेळ शांतता, दोन शिव्या, आणि पुन्हा खट्.

पंधरा किका झाल्या की माणूस घामाघूम होतो, इंजिन मात्र गारच राहतं. बहुतेकांना वाटतं की आपला जोर कमी पडतोय. जोराचा यात फार थोडा भाग आहे. खरी अडचण काय ते एकदा कळलं की पुढच्या सगळ्या पायऱ्या आपोआप लक्षात राहतात, म्हणून आधी तेवढं सांगतो.

पेट्रोल द्रवरूपात पेटत नाही, त्याची वाफ पेटते. इंजिन तापलेलं असताना साधारण १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल, तेही वजनाने, एवढं मिश्रण पुरतं. गार इंजिनात मात्र आत जाणाऱ्या पेट्रोलचा बराचसा भाग मॅनिफोल्डच्या (इंजिनात मिश्रण नेणाऱ्या नळीच्या) आणि सिलिंडरच्या थंड भिंतींवर दवासारखा बसतो. वाफ होते ती थोड्याच पेट्रोलची, आणि तेवढीच प्लगपाशी उपयोगाची. म्हणजे पेटण्यापुरती वाफ मिळवायची तर पेट्रोल नेहमीपेक्षा जास्त सोडायला हवं. चोकचं काम एवढंच. त्यात थंडीने ऑइल घट्ट झालेलं असतं, त्यामुळे पिस्टन जड फिरतो. बॅटरीचीही ताकद घटलेली असते. या तिन्ही गोष्टी एकदम जमून येतात, म्हणून कालपर्यंत एका किकमध्ये उठणारी गाडी आज अडून बसते.

आदल्या रात्रीची कामं

सकाळची निम्मी लढाई रात्रीच जिंकता येते. गाडी उघड्यावर असेल तर पडवीत किंवा भिंतीच्या आडोशाला घ्या. दव प्लगच्या टोपीत आणि वायरींच्या जोडांत शिरतं, आणि मग ठिणगी प्लगपर्यंत पोचण्याआधीच ओल धरून इंजिनाच्या अंगावर उतरते. आमच्याकडे गाडीवर गोणपाट टाकायची पद्धत आहे. ती चांगली आहे, फक्त सायलेन्सर पूर्ण निवल्यावरच गोणपाट टाका आणि सकाळी किक मारण्याआधी न विसरता काढा. संध्याकाळी गाडी धुवायची सवय असेल तर थंडीपुरती ती सोडा. धुतलीच तर नंतर दोन-तीन किलोमीटर फिरवून पाणी उडवून आणा.

कार्ब्युरेटरच्या (हवा-पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग) गाडीचा पेट्रोल कॉक रात्री बंद करावा. आत येणारं पेट्रोल अडवणारी नीडल जरा झिजलेली असेल तर रात्रभर पेट्रोल पाझरत राहतं आणि सकाळी प्लग ओला मिळतो.

ऑइलबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण इथे गैरसमज फार आहे. डब्यावर १०डब्ल्यू-३० किंवा २०डब्ल्यू-५० असं लिहिलेलं असतं. त्यातला ‘डब्ल्यू’ म्हणजे विंटर, हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितकं ते ऑइल थंडीत पातळ राहतं. स्प्लेंडरसारख्या शंभर सीसीच्या गाडीला कंपनी १०डब्ल्यू-३० सांगते. पण ‘दाट ऑइल म्हणजे इंजिन सुरक्षित’ अशी समजूत असलेला कोणीतरी त्यात २०डब्ल्यू-५० ओततो, आणि मग थंडीत किक दगडासारखी लागते. तेच २०डब्ल्यू-५० जुन्या पल्सरला चालतं, कारण ते इंजिन त्या ऑइलसाठीच बनवलेलं आहे. नव्या बुलेटला १५डब्ल्यू-५०. शेजाऱ्याच्या गाडीत काय घालतात याकडे न बघता आपल्या गाडीचं पुस्तक बघा. पुस्तक हरवलं असेल तर ऑइल भरायच्या झाकणाजवळ बऱ्याचदा ग्रेड कोरलेली असते.

कार्ब्युरेटरची गाडी

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचं नवं मानक आलं आणि नव्या मोटारसायकलींतून कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार झाला. तरी खेड्यापाड्यांत अजून कार्ब्युरेटरच्याच गाड्या भरपूर आहेत. माझी २००९ ची त्यातलीच. तिला उठवायची माझी रीत अशी.

आधी कॉक चालू करायचा आणि मिनिटभर थांबायचं. तेवढ्या वेळात कार्ब्युरेटरची वाटी भरते. तोवर मी काच पुसतो, टायर बघतो, हातमोजे घालतो. हे मिनिट घाईत गाळलं की पुढे दहा मिनिटं जातात.

मग क्लच सोडवायचा. रात्रभर उभ्या गाडीत क्लचच्या प्लेटा गार ऑइलने एकमेकींना चिकटतात. पहिला गिअर टाकून क्लच पूर्ण दाबा आणि गाडी चार पावलं पुढे-मागे ढकला. आधी जड जाईल, मग एकदम सुटल्यासारखी हलकी होईल. आता न्यूट्रलला घ्या. हे केलं नाही तर चालू झाल्यावर पहिला गिअर टाकताना ‘खाड्’ करून गाडी उडी मारते, कधी तिथेच बंद पडते.

चोक पूर्ण ओढा. काही गाड्यांत तो हँडलच्या डाव्या बाजूला असतो, काहींत थेट कार्ब्युरेटरवर छोटी खिट्टी असते. चोकची चालू बाजू कोणती आणि बंद कोणती हे दिवसा उजेडात एकदा बघून ठेवा. उन्हाळाभर उलटा चोक ओढून गाडी चालवणारे आणि ‘ॲव्हरेज पडलं’ म्हणून रडणारे मी पाहिले आहेत.

किल्ली बंदच ठेवून दोन-तीन किका सावकाश मारा. या किका पेट्रोल आत ओढण्यासाठी आणि घट्ट ऑइल जरा हलवण्यासाठी असतात. मग किल्ली चालू करा. किक हळू दाबत न्या. एका जागी ती घट्ट लागेल, म्हणजे पिस्टन दाबाच्या टप्प्यावर आला. तिथून किक वर येऊ द्या आणि मग एकच, पूर्ण, सलग किक मारा, खालपर्यंत. अर्धवट दहा किकांपेक्षा अशी एक बरी. पायात चप्पल असेल तर ती बूट घालायची वेळ समजा, किकवरून पाय घसरला की नडगी फुटते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. या वेळी अॅक्सिलरेटरला हात लावू नका. आपल्याकडे किक मारता मारता रेस पिळायची सवय हाडीमासी भिनलेली आहे. पण रेस दिली की हवेचा रस्ता उघडतो, आत जी ओढ तयार व्हायला हवी ती कमी होते, आणि चोकमधून पेट्रोल नीट ओढलंच जात नाही. म्हणजे एका हाताने चोक देताय आणि दुसऱ्या हाताने काढून घेताय. चार-पाच किकांत गाडी फुरफुरली पण धरली नाही, तर मगच अगदी नावापुरती रेस द्या.

गाडी चालू झाली की आवाज चढतो. चढू द्या. वीस-तीस सेकंदांनी चोक अर्धा करा. आवाज स्थिर राहिला तर मिनिटभरात पूर्ण बंद करा. बंद करताच इंजिन गुदमरलं तर पुन्हा अर्ध्यावर आणा आणि थोडं थांबा. चोक ओढलेला विसरून दूध घालायला पाच किलोमीटर गेलात तर प्लग काळा होतो आणि जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं. नुकसान त्या ऑइलचं जास्त.

जुनी बुलेट: वेगळा जीव

मामांकडे कास्ट आयर्न इंजिनाची बुलेट होती. डाव्या पायाखाली ब्रेक, उजवीकडे गिअर, आणि टाकीच्या पुढे अँपिअर दाखवणारा काटा. त्या गाडीला ताकदीने किक मारणारा माणूस दुसऱ्या दिवशी लंगडताना दिसायचा, कारण ती उलटी किक देते आणि घोटा धरते. मामा मात्र सडपातळ होते, आणि एका किकमध्ये उठवायचे.

त्यांची युक्ती काट्यात होती. किल्ली चालू करून किक हळूहळू दाबायची. पॉइंट (ठिणगीची वीज जोडणारे-तोडणारे संपर्क) मिटलेले असताना काटा वजाकडे झुकतो, उघडले की मध्यावर येतो. काटा मध्यावर आला की थांबायचं. डीकॉम्प्रेसरची, म्हणजे सिलिंडरमधला दाब सोडणारी, छोटी कळ दाबून किक अगदी किंचित, बोटभर पुढे सरकवायची, म्हणजे पिस्टन सर्वांत वरच्या जागेच्या जरासा पलीकडे जातो. कळ सोडायची, किक वर येऊ द्यायची, आणि गुडघा ताठ न करता अंगाचं वजन टाकून पूर्ण किक. आता पिस्टनला पूर्ण फेरीची धाव मिळते आणि उलटी किक बसत नाही. एक लक्षात ठेवा: या बुलेटमध्ये क्लच दाबून किक मारली तर ती पोकळ जाते, इंजिन फिरतच नाही. थंडीत मामा आधी मुद्दाम क्लच दाबून तीन-चार पोकळ किका मारायचे. चिकटलेल्या प्लेटा त्याने सुटतात.

इंजेक्शनची गाडी

इथे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टर पेट्रोल फवारतो, त्यामुळे चोक नाही. त्याचं काम ईसीयू, म्हणजे इंजिनाचा छोटा कॉम्प्युटर, करतो. तापमानाचा सेन्सर इंजिन किती गार आहे ते सांगतो आणि त्याप्रमाणे पेट्रोल वाढवलं जातं. तुमचं काम एवढंच की त्याला काम करू द्यायचं.

किल्ली आणि किल स्विच चालू केल्यावर सीटखालून किंवा टाकीतून दोन-तीन सेकंद बारीक ‘सुंsss’ असा आवाज येतो. तो पेट्रोल पंप, दाब तयार करतोय. आवाज थांबेपर्यंत सेल्फला हात लावायचा नाही. मग न्यूट्रल बघा, साइड स्टँड वर घ्या (बऱ्याच नव्या गाड्या स्टँड खाली असताना सेल्फ घेत नाहीत, आणि माणूस बॅटरीला दोष देत बसतो), क्लच दाबा आणि रेस न देता बटण दोन-तीन सेकंद दाबा. क्लच दाबल्याने घट्ट ऑइलमधली गिअरबॉक्सची ओढ सुटते आणि स्टार्टर मोटरवरचा भार कमी होतो.

नाही झाली तर बटण दाबून धरू नका. पाच सेकंदांच्या वर कधीच नाही. किल्ली बंद करा, दहा-पंधरा सेकंद थांबा, पुन्हा चालू करून पंपाचा आवाज संपू द्या. दुसऱ्यांदा बहुधा होते. चालू झाल्यावर आयडल (रेस न देता इंजिन फिरतं तो वेग) नेहमीपेक्षा काही शे आरपीएम वर राहतो आणि हळूहळू स्वतःच उतरतो. त्यासाठी आयडलचा स्क्रू फिरवायला गॅरेजला जाऊ नका.

तरीही होत नसेल तर

किका मारत राहणं थांबवा आणि वास घ्या. पेट्रोलचा उग्र वास येतोय का? मग पेट्रोल जास्त झालंय. चोक बंद करा, रेस पूर्ण उघडी धरा आणि सात-आठ किका मारा. आतलं जादा पेट्रोल हवेबरोबर बाहेर जातं. इथे मात्र रेस हवीच. इंजेक्शनच्या बऱ्याच गाड्यांतही पूर्ण रेस धरून सेल्फ मारला की पेट्रोल तात्पुरतं तोडलं जातं, त्यामुळे युक्ती तीच.

वास अजिबात नसेल तर प्लग काढा. थंडीत डिकीत प्लगचा पाना आणि एक जादा प्लग असावाच, यावर मी कोणाशी वाद घालत नाही. प्लग ओला असेल तर फडक्याने पुसा, वायर ब्रशने काजळी काढा. कोरडा ठणठणीत असेल तर पेट्रोल पोचतच नाही: कॉक, रिझर्व्ह, वाटी, या क्रमाने बघा. ठिणगी बघायची असेल तर प्लग टोपीत बसवून त्याचा धातूचा भाग इंजिनावरच्या धातूच्या पट्ट्यांना (फिनना) नीट टेकवा आणि किक मारा. निळी, चटचट वाजणारी ठिणगी चांगली, पिवळी मरतुकडी असेल तर प्लग बदला. हे करताना प्लगच्या उघड्या भोकापासून दूर राहा आणि आसपास सांडलेलं पेट्रोल आधी पुसा. तिथल्या वाफेला तेवढी ठिणगी पुरते.

गाडी दोन-तीन महिने उभी होती का? मग वाटीचा तळाचा स्क्रू सोडून पेट्रोल एका पारदर्शक बाटलीत घ्या आणि उजेडात धरा. तळाला वेगळा थर किंवा पाऱ्यासारखे थेंब दिसले तर ते पाणी. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतली ओल शोषतं. ओल मर्यादेपलीकडे गेली की पाणी आणि इथेनॉल मिळून खाली बसतं, आणि कॉक नेमकं खालचंच उचलतो. अशा पेट्रोलवर पहाटे किका मारणं म्हणजे ओली लाकडं फुंकणं. टाकी रिकामी करून ताजं भरा. गाडी पुढेही बराच काळ उभी ठेवणार असाल तर टाकी भरून ठेवा, कारण आत हवा कमी तर ओलही कमी.

काही जण गाडी आडवी करतात. ही चेतक स्कूटरची आठवण. ती पिढी सकाळी स्कूटर एका बाजूला कलती करून, जणू कानात गेलेलं पाणी काढावं तशी, उभी करायची आणि मग किक मारायची. कलती केल्याने कार्ब्युरेटरमधून थोडं पेट्रोल जास्त आत जायचं, म्हणजे तो गरिबाचा चोकच. चोक धड चालणाऱ्या मोटारसायकलला याची गरज नाही, आणि पेट्रोल आधीच जास्त झालं असेल तर तुम्ही त्यात भरच घालताय.

सेल्फ दाबल्यावर फक्त ‘टक टक टक’ येतंय, हॉर्न घशात अडकल्यासारखा वाजतोय, तर बॅटरी. मल्टिमीटर असेल तर उभ्या गाडीवर १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२ च्या खाली म्हणजे आधी चार्जिंग. गावातल्या गावात दीड-दोन किलोमीटर फिरणाऱ्यांची बॅटरी हिवाळ्यात हमखास बसते, कारण सेल्फने घेतलेलं तेवढ्या अंतरात परत भरत नाही. अशांनी सकाळची पहिली सुरुवात किकवरच करावी, किक असेल तर. २०१७ च्या आधीच्या गाडीत हेडलाइटचं बटण असतं, गाडी चालू करताना ते बंद ठेवा.

धक्का स्टार्टचा मार्ग सगळ्यांना ठाऊक आहे: किल्ली चालू, दुसरा गिअर, क्लच दाबून पळवा, वेग आला की सीटवर वजन टाकत क्लच सोडा आणि गाडी धरताच परत दाबा. पहिल्या गिअरमध्ये मागचं चाक घासत जातं, म्हणून दुसरा. इंजेक्शनच्या गाडीत बॅटरी पूर्ण मेली असेल तर पंप चालणार नाही, कितीही पळवा.

चालू झाल्यावर

दहा मिनिटं उभ्या गाडीला रेस देत ‘गरम’ करायची गरज नाही. तीस सेकंद ते मिनिटभर आयडलवर, तेवढ्यात ऑइल वर पोचतं. मग निघा आणि पहिले दोन-तीन किलोमीटर हलक्या हाताने चालवा. चालत्या गाडीत इंजिन लवकर आणि सारखं तापतं. आणि दार लावलेल्या खोलीत किंवा गोठ्यात गाडी चालू ठेवू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

सायलेन्सरमधून पांढरी वाफ आणि पाण्याचे थेंब आले तर घाबरू नका. एक लिटर पेट्रोल जळालं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. तापलेल्या सायलेन्सरमधून ते वाफ होऊन निघून जातं, गार सायलेन्सरमध्ये थेंब होतात. पाचेक मिनिटांत हे थांबतं. न थांबणारा निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे पेट्रोल जास्त. रोज पाच मिनिटंच गाडी चालवणाऱ्याच्या सायलेन्सरमध्ये मात्र ते पाणी साठत राहतं आणि आतून गंज धरतो. आठवड्यातून एकदा तरी लांबचा फेरा मारावा.

लडाखला जाणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. लेह साधारण ३,५०० मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या सुमारे दोन तृतीयांश असतो, म्हणजे कार्ब्युरेटरचं मिश्रण आधीच पेट्रोलकडे झुकलेलं. इथल्या सवयीने पूर्ण चोक ओढून किका मारत राहिलात तर प्लग भिजवून बसाल. चोक ओढा, पण एक-दोन किकांत धरली नाही तर लगेच अर्धा करा.

सगळं नीट असून फक्त सकाळीच गाडी छळत असेल, दुपारी एका किकमध्ये उठत असेल, तर टॅपेट (व्हॉल्व्ह दाबून उघडणारे भाग) घट्ट झाले असायची शक्यता आहे. व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, दाब गळतो, आणि गार इंजिनाला तेवढाही दाब सोडून देणं परवडत नाही. हे काम गॅरेजचं. पण गाडी चालवत गॅरेजला नेली की ती तापलेली असते, मेकॅनिक किक मारतो, पहिल्याच किकला होते, आणि तो तुमच्याकडे ‘काय राव’ अशा नजरेने बघतो. टॅपेट तसेही इंजिन गार असतानाच तपासायचे असतात. म्हणून गाडी आदल्या संध्याकाळीच तिथे ठेवा, आणि सकाळची पहिली किक त्यालाच मारू द्या.